घरच्या घरी ठसाचित्र: काय लागतं, काय लागत नाही

लाकूड किंवा लिनो कोरून चित्र छापायची हौस असलेल्या माणसाच्या वाटेत पहिली आडवी येते ती जपानी चित्रकार होकुसाईची लाट. ती सगळ्यांनी पाहिलेली असते, कॅलेंडरवर, कपांवर, टी-शर्टवर. तीच डोळ्यांसमोर ठेवून माणूस कोरणी हातात घेतो आणि थोड्याच दिवसांत कोरणी खणात जाऊन पडते. म्हणून हे आधी सांगायला हवं की होकुसाईने त्या चित्राचा ठसा कोरला नव्हता आणि छापलाही नव्हता. 1831 च्या सुमारास निघालेल्या त्या चित्रामागे निशिमुराया योहाची हा प्रकाशक होता. होकुसाईने पातळ कागदावर रेखाटन दिलं. ते चेरीच्या फळीवर उलटं चिकटवून कोरणाऱ्याने रेघ न् रेघ कोरली, आणि त्यात मूळ रेखाटन संपून गेलं. मग रंगांसाठी वेगळे ठसे कोरले गेले, आणि शेवटी छापणाऱ्याच्या हाताखालून हजारो प्रती निघाल्या. प्रत्येक टप्प्यावरचा माणूस वर्षानुवर्षं उमेदवारी करून तयार झालेला होता. घरात एकट्याने बसून काम करणाऱ्याने स्वतःला त्या कारखान्याच्या मापाने मोजणं हा स्वतःवरचाच अन्याय आहे.

घरच्या कारागिराचा पूर्वज वेगळा. 1904 मध्ये यामामोटो कानाए या जपानी तरुणाने ‘कोळी’ नावाचं एक छोटं चित्र स्वतः काढलं, स्वतः कोरलं आणि स्वतःच छापलं. लाकूड कोरण्याचं शिक्षण त्याने लहानपणीच घेतलं होतं. तिन्ही कामं एकाच हाताने करायची हा आग्रह त्या चित्रानंतर जोर धरत गेला आणि त्यातून ‘सोसाकु-हांगा’ ही चळवळ उभी राहिली. तिचा सगळ्यात मोठा माणूस मुनाकाता शिको. आओमोरीच्या लोहाराचा हा मुलगा. नजर इतकी अधू की फळीला नाक टेकवून कोरायचा. त्याच्या रेघेत होकुसाईच्या कोरणाऱ्याची नजाकत नाही. तिथे वेग आहे, जोर आहे आणि लाकडाचा स्वभाव आहे. 1956 च्या व्हेनिस बिएनालेत मुद्राचित्रणाचं सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळालं. घरी हे काम करू पाहणाऱ्याने मुनाकाताची चित्रं आधी पाहावीत आणि होकुसाईची नंतर. माझं म्हणणं हेच आहे: एकट्याने, एका खोलीत, यंत्राविना केलेलं ठसाचित्र ही कारखान्यातल्या चित्राची गरीब नक्कल नाही. ती स्वतंत्र परंपरा आहे, आणि तिचे नियमही स्वतंत्र आहेत.

चीनमध्ये तिचं रोप किती सहज लागलं ते पाहण्यासारखं आहे. ऑगस्ट 1931 मध्ये लेखक लू शुन यांनी शांघायमध्ये लाकूड कोरण्याचा एक वर्ग भरवला. शिकवायला होते उचियामा काकिची, जपानमधल्या शाळेत चित्रकला शिकवणारे शिक्षक. दुभाष्याचं काम लू शुन यांनी स्वतः केलं. वर्ग चालला सहा दिवस, विद्यार्थी तेरा. चीनमधल्या आधुनिक वुडकट चळवळीची सुरुवात या वर्गापासून मानतात. शाळामास्तर, सहा दिवस, थोडी लाकडं आणि कोरण्या, एवढ्या भांडवलावर हे झालं.

आपल्याकडे छापील चित्र म्हटलं की राजा रविवर्मा आठवतो. 1894 मध्ये गिरगावात निघालेला आणि पुढे मळवलीला गेलेला त्याचा छापखाना मात्र शिळाछापाचा होता. तिथे दगड सपाटच राहतो आणि तेल-पाणी एकमेकांत मिसळत नाहीत या गुणावर सगळं काम चालतं. ठसाचित्राचं तत्त्व त्याहून सोपं आहे. जे कोरून काढलं ते पांढरं, जे वर राहिलं ते छापलं जातं. भेंडीचा आडवा काप रंगात टेकवून वहीत फुलं उठवलेल्या प्रत्येक मराठी मुलाने उठावाची छपाई केलेली आहे. शाळेनंतर ती सुटते, एवढंच.

भारतात ती सुटू दिली नाही ती शांतिनिकेतनने. नंदलाल बोस यांचं काठी टेकत निघालेल्या गांधीजींचं लिनोकट 1930 चं, दांडीयात्रेच्या वर्षीचं. काळ्याभोर पार्श्वभूमीवर मोजक्या पांढऱ्या रेघा, आणि त्यातून चालणारा माणूस उभा राहतो. त्याच वर्षी निघालेल्या रवींद्रनाथांच्या ‘सहज पाठ’ या मुलांच्या वाचनपुस्तकातली चित्रंही नंदलालांचीच. मोठा चित्रकार लिनोचा तुकडा घेऊन बालवाचनमालेसाठी बसतो, यात या माध्यमाचा सगळा स्वभाव आला.

मुंबईशी या परंपरेचा सर्वांत घट्ट धागा चित्तप्रसाद भट्टाचार्य यांचा. बंगालच्या 1943 च्या दुष्काळाची रेखाटनं करणारा हा चित्रकार 1946 च्या सुमारास मुंबईत आला आणि पुढची तीसेक वर्षं अंधेरीत राहिला. गॅलऱ्यांच्या बाजारापासून दूर, लहानशा जागेत, हाताशी फारसा पैसा नसताना त्याने लिनोवर आणि लाकडावर काम केलं: शेतकरी, आई-मूल, कठपुतळ्या, राबणारी मुलं. बालमजुरांवरची त्याची लिनोकटं डेन्मार्कच्या युनिसेफ समितीने 1969 मध्ये पुस्तकरूपाने काढली. ती पाहिली की साधनं तोकडी असल्याची तक्रार करायला तोंड राहत नाही. मुंबईतल्या चित्रकला शिकणाऱ्या मुलांना होकुसाई ठाऊक असतो, पण अंधेरीतला हा शेजारी ठाऊक नसतो याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता सामानाकडे वळू. आधी प्रश्न येतो तो कशावर कोरायचं हा. बाजारात मऊ रबरासारखे पट्टे मिळतात. ते लोण्यासारखे कापले जातात, मुलांसाठी आणि छोट्या शिक्क्यांसाठी ठीक आहेत, पण हाताला काहीच विरोध करत नाहीत आणि म्हणून काही शिकवतही नाहीत. लिनोलियम त्याच्या कितीतरी पुढे. जवसाचं तेल, राळ, बुचाचा भुसा आणि लाकडाचा कोंडा तागाच्या कापडावर थापून केलेलं हे जमिनीवर अंथरायचं द्रव्य इंग्लंडमध्ये 1860 च्या दशकात निघालं आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चित्रकारांच्या हाती आलं. त्याला रेषा नाहीत, म्हणून कोरणी कोणत्याही दिशेने वळते. जुना पडलेला लिनो मात्र ठिसूळ होऊन तुटतो, म्हणून घेताना वाकवून पाहावा. थंडीत कडक झाला तर उन्हात ठेवला की मऊ येतो.

लाकडाची गोष्ट निराळी. सागवानाचा मोह पहिल्यांदा होतो, कारण कापडावर छापायचे ठसे सागाचे असतात. गुजरातेतलं पेथापूर हे गाव तर अशा ठशांच्या कोरणाऱ्यांसाठीच ओळखलं जातं. पण साग भरड छिद्रांचा आहे आणि हत्यारांची धार लवकर खातो. कागदावरच्या बारीक रेघेसाठी एकसारख्या पोताचं लाकूड हवं. हेद हे त्यातलं उत्तम देशी लाकूड, ज्याच्या पूर्वी फण्या करत. शिवणीचं लाकूड मऊ आणि वागायला शहाणं. वखारीत किंवा सुतारकाम करणाऱ्याकडे मागितलं तर फळीचे उरलेले तुकडे मिळू शकतात, आणि सुरुवातीला तळहाताएवढा तुकडा पुरतो. प्लायवूड चालतं, फक्त वरचा पापुद्रा सुटून कपचे उडतात. एमडीएफ कोरताना जी धूळ उडते ती छातीत जाऊ देऊ नये. मास्क लावून करता येतं, पण घरात लहान मूल असेल तर मी ते आणणारच नाही.

हत्यारं थोडी घ्यावीत आणि चांगली घ्यावीत. इंग्रजी व्ही आकाराची एक कोरणी, एक अरुंद आणि एक रुंद गोल कोरणी, आणि एक धारदार पातं, एवढ्यावर वर्षभर काम चालतं. डझनभर कोरण्यांचा स्वस्त संच घेऊ नये. त्याची धार एका बैठकीत जाते आणि बोथट हत्यार हात कापतं. धारदार हत्यार जिथे नेलं तिथेच जातं. म्हणून कोरणं शिकण्याआधी धार लावणं शिकावं. तेलाचा बारीक दगड, आणि शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर पॉलिश लावून चार हात. दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. फळीच्या वरच्या कडेला एक पट्टी आणि खालच्या बाजूला, समोरच्या कडेला दुसरी पट्टी ठोकून घ्यावी. खालची पट्टी टेबलाच्या कडेला अडकते, वरचीला ठसा टेकतो, आणि धरणारा हात कोरणीच्या मागे राहतो. तो पुढे आला की रक्त येणारच.

कोरण्यात एकच तांत्रिक गोष्ट अशी आहे की जी न कळल्यामुळे पहिले ठसे फुकट जातात. रेघेच्या दोन्ही बाजू बाहेरच्या दिशेला उतरत्या ठेवायच्या असतात, शेताच्या बांधासारख्या: वर अरुंद, तळाशी रुंद. कोरणी आत वळून रेघेखालचं लाकूड खाल्लं गेलं तर रेघ अधांतरी राहते आणि चार प्रतींनंतर तुटते. मग खोलीचा प्रश्न. दोन रेघांमधली लहान जागा उथळ कोरली तरी चालते, कारण कागद तिथे ताणलेला राहतो. मोठी पांढरी जागा मात्र खोल काढावी लागते, नाहीतर कागद मधे बसतो आणि तळाचा डाग उचलतो. लाकडात कोरणी रेषांच्या बरोबर चालली की लांब वळणदार साल निघते. आडवी चालली की कचकच होते आणि कडा फुटतात. आडवी रेघ आधी पात्याने दोन्ही बाजूंनी छेदून घ्यावी आणि मगच मधलं लाकूड काढावं.

देवनागरी कोरायची तर आणखी एक सावधगिरी. ठशावर सगळं उलटं असतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण वेलांट्या गोंधळ उडवतात. ऱ्हस्व वेलांटी आरशात दीर्घ दिसते आणि दीर्घ ती ऱ्हस्व. ‘शिरीष’ हे नाव उलटं कोरताना डोळा खात्रीने फसतो आणि ‘दुरुस्त’ करायला हात पुढे होतो. उपाय जुनाच: सुलटं लिहून ट्रेसिंग कागदावर घ्यायचं, कागद उलटा करून कार्बनने फळीवर उतरवायचं, आणि त्यानंतर अक्षरांना अक्षर मानायचं नाही, फक्त आकार मानायचं. शिरोरेघ मात्र या कामात मोठीच मदत करते. अक्षरं तिला लटकलेली राहतात, त्यामुळे सुटी रोमन अक्षरं जशी एकेकटी मोडतात तशी ती मोडत नाहीत. रेखाटन करतानाच अक्षरं थोडी ठसठशीत ठेवली आणि ‘क’, ‘ळ’ यांच्या पोटातल्या जागा मोकळ्या सोडल्या, तर देवनागरी हे ठशासाठी फार देखणं अक्षर आहे.

छापण्याचे दोन मार्ग आहेत आणि घरी कोणता निवडायचा यावर मतभेद आहेत. पहिला तेलाच्या शाईचा. काचेवर शाई पसरायची, रबरी रोळावर घ्यायची आणि ठशावर फिरवायची. या कामात कानाचा उपयोग डोळ्याइतकाच. काचेवर रोळ फिरताना बारीक सळसळ ऐकू आली तर थर बरोबर. चिकट चटचट आली की शाई जास्त झाली आणि बारीक पांढऱ्या रेघा बुजणार. तेलाची शाई गर्द काळा देते, दुसरं काहीही तसा काळा देत नाही. पण ती वाळायला दिवस घेते, तिला वास असतो, आणि आपल्याकडे अजून ती रॉकेलने पुसायची सवय आहे. रॉकेल घरात नकोच. आधी साधं खाण्याचं तेल लावून चिंधीने पुसावं, मग साबण. साबणाने निघणाऱ्या तेलशायाही आता मिळतात. ॲक्रिलिक रंग मात्र आपल्या हवेत रोळावरच वाळून जातो, त्याच्या नादी लागू नये.

दुसरा मार्ग पाण्याचा, जपानी, आणि आपल्या घरांना तो जास्त मानवतो असं माझं ठाम मत आहे. त्यात रोळ नाही, तेल नाही, वास नाही. लागतं ते तांदळाच्या पिठाची पातळ खळ, जलरंग आणि ब्रश. बूट-पॉलिशचा नवा, मऊ केसांचा ब्रश त्यासाठी चालतो. फळीवर थोडा रंग, त्याच्या बाजूला खळीचा ठिपका, आणि ब्रशने दोन्ही गोल फिरवत एकजीव करायचे; शेवटचे हात सरळ, एकाच दिशेने. फळी ओलसर चमकली पाहिजे, ओथंबता कामा नये. कागद आदल्या रात्री ओलावून ठेवायचा: एक ओला, एक कोरडा असे ताव रचून प्लास्टिकमध्ये गुंडाळले की सकाळपर्यंत सगळे सारखे दमट होतात. अशा कागदावर दाब दिला की रंग वर बसत नाही, तंतूंत शिरतो. तेलशाईचा गडदपणा इथे मिळत नाही. मिळते ती आतून येणारी मऊ रंगत. खळ कमी पडली की रंग ठिपक्याठिपक्याने उतरतो, जास्त झाली की रेघांच्या कडेला साठून राहतो. हे प्रमाण शब्दांत सांगता येत नाही, दहा-पंधरा कागद वाया घालवूनच हाताला कळतं. या पद्धतीला लाकूडच लागतं. लिनो पाणी नीट धरत नाही आणि एमडीएफ फुगतं.

दाबयंत्र लागत नाही, हे मी पुन्हा सांगतो, कारण यंत्र नाही म्हणून कामच सुरू न करणारे बरेच असतात. जपानी छापणारा ‘बारेन’ वापरतो: बांबूच्या सालीच्या पिळलेल्या दोरीचं वेटोळं, वर सालीचंच आवरण. घरात लाकडी डावाची पाठ तेच काम करते. लंडनमध्ये 1926 पासून ग्रोव्हनर स्कूलमध्ये लिनोकट शिकवणारा क्लॉड फ्लाइट आपल्या विद्यार्थ्यांना चमच्याने घासूनच छापायला लावायचा. ही चित्रं सिनेमाच्या तिकिटाइतक्या पैशांत सामान्य घरांत जावीत असं त्याचं स्वप्न होतं. पुढे त्याच्या शाळेची चित्रं लिलावात प्रचंड किमतींना गेली, पण तो दोष त्याचा नाही.

कागदाची निवड पद्धतीवर ठरते. पातळ आणि चिवट कागद हाताने घासायला चांगला, जाड कागदाला यंत्र लागतं. नेपाळी लोकता कागद आपल्याकडे सहज मिळतो आणि लांब तंतूंमुळे पाण्याच्या छपाईत टिकतो. पुण्याची हातकागद संस्था आणि दौलताबादजवळचं कागजीपुरा ही महाराष्ट्रातली ठिकाणं तर घरची. सुती चिंध्यांचा हातकागद घेताना त्यातला गुळगुळीत आणि पातळ ताव निवडावा. खडबडीत कागद हाताला छान लागतो, पण शाई घेताना खड्डे सोडतो.

एकापेक्षा जास्त रंग आले की ठसे एकावर एक बरोबर बसवण्याचा प्रश्न येतो. जपान्यांनी तो दोन खाचांनी सोडवला. फळीवरच एका कोपऱ्यात काटकोनी खाच आणि त्याच कडेला पुढे एक सरळ खाच. कागदाचा कोपरा आणि कड त्यांत टेकवून कागद सोडायचा. खाचा ठशातच असल्यामुळे चूक फार थोडी होते. दुसरा उपाय एकाच ठशाचा. आधी फिका रंग सगळ्या प्रतींवर छापायचा, मग त्याच ठशाचा आणखी भाग कोरून काढायचा आणि पुढचा रंग त्यावर चढवायचा. फ्रान्समध्ये वालोरिसचा छापणारा इदाल्गो आर्नेरा याच्याबरोबर पिकासोने 1958 पासून काही वर्षं लिनोचं भरपूर काम केलं. अनेक ठसे जुळवण्याचा कंटाळा येऊन त्याने ही पद्धत गाजवली, आणि तेव्हा तो ऐंशीकडे झुकला होता. यात परतीचा रस्ता नाही. किती प्रती काढायच्या ते पहिल्याच दिवशी ठरवावं आणि वाया जातील म्हणून काही कागद वर धरावेत. नवशिक्याने मात्र आधी वर्षभर काळ्या-पांढऱ्यात राहावं. रंग चुकलेलं रेखाटन झाकतो.

ऋतूंचं गणित परदेशी पुस्तकांत नसतं, ते आपणच मांडायचं. एप्रिल-मेमध्ये विदर्भ-मराठवाड्याच्या हवेत पाण्याचा रंग फळीवर टिकत नाही. पहाटे छापावं, खळ थोडी वाढवावी. पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत उलट: तेलशाई आठवडाभर ओली राहते, फळी फुगते आणि काल बरोबर बसलेला दुसरा रंग आज रेघभर सरकतो. ओलावलेल्या कागदावर दोन दिवसांत बुरशी धरते. काम अर्धं राहिलं तर कागदांचा गठ्ठा प्लास्टिकसकट फ्रीजरमध्ये ठेवावा. पावसाळा कोरण्यासाठी ठेवावा आणि छापणं दिवाळीच्या सुमारास काढावं, म्हणजे शुभेच्छापत्रंही वेळेवर होतात.

शिकायचं कुठे? चित्रकला महाविद्यालयांत मुद्राचित्रणाचे विभाग आहेत, पण नोकरी-संसार सांभाळणाऱ्याला ते दार उघडं नसतं. एकट्याने शिकता येतं याचं उदाहरण म्हणजे डेव्हिड बुल. कॅनडात वाढलेला हा माणूस 1986 मध्ये जपानला जाऊन राहिला, बहुतेक सगळं स्वतःच्या खटपटीने शिकला आणि शंभर कवींच्या प्रसिद्ध जपानी संग्रहावरची जुनी चित्रमालिका त्याने दहा वर्षांत एकट्याने पुन्हा कोरून छापली. आपलं काम तो आता यूट्यूबवर दाखवतो आणि हाताची हालचाल जवळून पाहायला त्याहून चांगली जागा नाही. वाचायचंच तर फ्रँक मॉर्ली फ्लेचरचं 1916 चं इंग्रजी पुस्तक इंटरनेटवर मोफत आहे. जपानी पद्धत इंग्लंडमध्ये एकट्या माणसाला कशी जमवता येईल, याचाच त्यात विचार आहे.

राहता राहिला प्रतींचा प्रश्न. पेन्सिलीने खाली डावीकडे 3/20 असं लिहायची पद्धत, म्हणजे वीसपैकी तिसरी, ही बाजाराची गरज आहे. दुर्मीळपणा विकता यावा म्हणून. घरी छापणाऱ्याने ती बेडी स्वतःहून घालून घेऊ नये. एकाच ठशातून तीस-चाळीस कागद निघतात, तेव्हा ते वाटावेत: लग्नपत्रिकेवर, बारशाच्या निमंत्रणावर, पुस्तकाच्या आतल्या पानावर मालकाच्या नावाची चिठ्ठी म्हणून. नंदलालांनी मुलांच्या पुस्तकासाठी केलं ते याच जातीचं काम आहे. एक चौकट करून भिंतीवर लावायची आणि बाकीच्या प्रती फाइलमध्ये दडवायच्या, तर मग ठसा कोरलाच कशाला. कुंचल्याने एकच चित्र काढता आलं असतं.

ठसा मात्र जपून ठेवावा. पाण्याने छापलेली फळी धुऊन, सावलीत उभी करून वाळवावी; आडवी ठेवली तर एका बाजूने वाकते. तेलशाईचा ठसा पूर्ण पुसून कागदात गुंडाळावा. लाकडी ठसे वर्षातून दोनदा काढून पाहावेत, कारण भुंगा लागला तर पिवळसर पिठाची रांग दिसेपर्यंत कळत नाही. ठशाच्या पाठीवर साल, कागदाचं नाव आणि खळीचं किंवा शाईचं प्रमाण पेन्सिलीने लिहून ठेवलं, तर पाच वर्षांनी तेच चित्र पुन्हा छापायला घेताना पहिल्यापासून चाचपडावं लागत नाही.